किडनी, लिव्हर, थायरॉइड, तिन्ही एकदम लाल: सप्लिमेंटच्या एका केसचा पूर्ण वृत्तांत

पार्श्वभूमी

ही केस लिहायला संबंधित बाईंची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, आणि नाव देत नाही, त्यांना आपण नुसतं ताई म्हणूया. वय ३९, वजन ६२ किलो, काम दिवसभर खुर्चीतलं, आठवड्यातून चार दिवस वेट्स आणि दोन दिवस रनिंग. मी व्यायाम करणाऱ्यांच्या आहाराचं काम बघते. ताई माझ्याकडे आल्या त्या रिपोर्टची फाइल आणि एक मोठी पिशवी घेऊन, आणि पिशवीत सगळे डबे.

डबे एकदम नव्हते आले. आधी व्हे प्रोटीन (दुधातल्या प्रथिनांची पावडर) आणि क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर), हे कोचने सांगितलं होतं आणि त्यात वावगं काहीच नाही. मग लेग डे, म्हणजे पायांच्या व्यायामाचा दिवस, झाला की तीन-तीन दिवस जिना उतरताना पाय धरायचे म्हणून बीसीएए, म्हणजे तीन अमिनो आम्लांची पावडर, आलं. संध्याकाळी ऑफिसनंतर जिममध्ये जीवच नसायचा म्हणून प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी तरतरी यावी म्हणून प्यायची पावडर. मग रात्री झोप येईना म्हणून मॅग्नेशियम. वजन हलेना म्हणून फॅट बर्नर, केस गळायला लागले म्हणून बायोटिन (बी गटातलं एक व्हिटॅमिन), सारखी सर्दी होते म्हणून व्हिटॅमिन सी १००० मिग्रॅ, 'सगळंच थोडं थोडं असावं' म्हणून मल्टिव्हिटॅमिन, आणि कुणीतरी चेहरा फिका दिसतोय म्हणालं म्हणून आयर्न. म्हणजे प्रत्येक तक्रारीला एक डबा, आणि यातल्या निदान दोन तक्रारी आधीच्या डब्यांमुळेच आलेल्या, पण ते कळलं खूप नंतर.

यातलं काहीही सुरू करायच्या आधी एकही रक्ततपासणी झाली नव्हती. ही गोष्ट पुढे फार महागात पडली.

अडचण काय झाली

वार्षिक चेकअप केलं आणि रिपोर्टमध्ये एकदम तीन ठिकाणी लाल आकडे. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.२, त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) ५९, म्हणजे ६० च्या खाली. लिव्हरमध्ये एएसटी ९६ आणि एएलटी ७१, ही दोन्ही एन्झाइम वाढलेली. थायरॉइडमध्ये टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन) ०.०८, खूप कमी, आणि फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन) २.६, जास्त, म्हणजे सरळसरळ हायपरथायरॉइडचं, थायरॉइड गरजेपेक्षा जास्त चालण्याचं चित्र. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, १४, कमी. हिमोग्लोबिन १२.१, ते जेमतेम ठीक. व्हिटॅमिन डी मात्र ६१, एकदम छान, त्यामुळे त्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

ताईंनी रात्रभर फोनवर वाचलं, आणि सकाळपर्यंत त्यांच्या डोक्यात डायलिसिसपर्यंत गोष्ट गेली होती.

गंमत म्हणजे, म्हणजे गंमत नाहीच खरंतर, त्यांची लक्षणं थायरॉइडच्या रिपोर्टशी तंतोतंत जुळत होती. संध्याकाळी छाती धडधडते, हात थरथरतात, झोप लागत नाही, केस गळतात. चेकअप करणाऱ्या डॉक्टरांनी थायरॉइड स्कॅन आणि स्पेशालिस्टकडे जा असं लिहून दिलं होतं, आणि समोरचा कागद बघितला तर ते चुकीचं म्हणता येत नाही. फॉर्मवर 'सध्या चालू असलेली औषधं' असा रकाना होता, ताईंनी तिथे 'काही नाही' लिहिलं होतं. सप्लिमेंट म्हणजे औषध असं त्यांच्या डोक्यातच नव्हतं. बहुतेकांच्या नसतंच.

पिशवी रिकामी केली तेव्हा

पहिलं काम म्हणून आम्ही सगळे डबे टेबलावर मांडले आणि लेबलवरची प्रत्येक ओळ एका शीटमध्ये भरत गेलो. हे काम कंटाळवाणं आहे आणि प्रत्येक केसमध्ये सगळ्यात जास्त माहिती यातूनच मिळते.

व्हिटॅमिन बी६ तीन डब्यांत निघालं, मल्टिव्हिटॅमिनमध्ये, प्री-वर्कआउटमध्ये, आणि मॅग्नेशियमच्या गोळीत 'चांगलं शोषलं जावं म्हणून' घातलेलं. बेरीज दिवसाला जवळजवळ ४० मिग्रॅ. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, एफ्साने, २०२३ मध्ये मोठ्यांसाठी रोजची वरची मर्यादा १२ मिग्रॅवर आणलीय, कारण जास्त बी६ बराच काळ घेतलं तर हातापायांच्या नसांना त्रास होऊ शकतो, बधिरपणा, मुंग्या वगैरे. ताईंना मुंग्या येत होत्या पण फक्त प्री-वर्कआउट प्यायल्यावर अर्धा तास, चेहऱ्यावर आणि हातांवर, ती प्री-वर्कआउटमधल्या बीटा-अ‍ॅलनिनची नेहमीची मुंगी, निरुपद्रवी. पण बघा, उद्या बी६ मुळे खऱ्या मुंग्या आल्या असत्या तर त्यांनी 'हे तर नेहमीचंच' म्हणून सोडून दिलं असतं.

बायोटिनच्या डब्यावर १०,००० मायक्रोग्रॅम. दिवसाची पुरेशी मात्रा ३० मायक्रोग्रॅम धरतात. म्हणजे तीनशे पटीहून जास्त, आणि तेही दुकानात सहज मिळणारं.

फॅट बर्नरवर ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट होतं, पण 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून सगळ्यांची मिळून एकच बेरीज दिलेली, कशाचं किती ते नाही. ग्रीन टी पिणं वेगळं आणि त्याचा घट्ट अर्क कॅप्सूलमधून घेणं वेगळं, त्यातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य दिवसाला ८०० मिग्रॅ किंवा जास्त झालं तर लिव्हर एन्झाइम वाढू शकतात असं एफ्साने २०१८ मध्ये सांगितलंय. ताई किती घेत होत्या हे लेबल वाचून कुणालाच सांगता आलं नसतं.

आणि प्री-वर्कआउटमध्ये कॅफिन २०० मिग्रॅ, वेळ संध्याकाळी सहा. मॅग्नेशियम कशासाठी घेता विचारलं तर ताई म्हणाल्या, "झोपेसाठी."

हे सगळं डॉक्टरांसमोर ठेवलं (ताईंच्या ओळखीतले फिजिशियन, सप्लिमेंटचं नाव काढलं की भडकणारे नाहीत, हे नशीब). त्यांनी शीट वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, रक्त दिलं त्याच्या आधी व्यायाम कधी केला होता? दोन दिवस आधी. लेग डे. नवीन प्रोग्रॅमचा पहिला आठवडा, भरपूर लंजेस (एक पाय पुढे टाकून खाली वाकायचा व्यायाम).

कोणते पर्याय होते

इथे चौघांची चार मतं होती आणि प्रत्येकाच्या मतात काहीतरी दम होता, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ताईंच्या मिस्टरांचं म्हणणं, कशाला रिस्क, स्कॅन करा, सोनोग्राफी करा, किडनीच्या डॉक्टरांना दाखवा, सगळं करून टाका. ऐकायला सगळ्यात सुरक्षित वाटतं. पण बायोटिनचा घोळ माहीत असेल तर यातला धोका दिसतो. थायरॉइडच्या बऱ्याच तपासण्या ज्या मशीनवर होतात तिथे बायोटिन आणि स्ट्रेप्टाविडिन नावाचं प्रथिन यांची एकमेकांना चिकटण्याची सवय वापरलेली असते. रक्तातच बायोटिन खच्चून भरलेलं असेल तर ते मधे घुसतं आणि आकडा बिघडवतं. टीएसएचसारख्या टेस्टमध्ये आकडा खोटाच कमी येतो, फ्री टी४ सारख्या टेस्टमध्ये खोटाच जास्त. म्हणजे एकाच वेळी दोन्ही चुका, आणि दोन्ही मिळून हायपरथायरॉइडचं हुबेहूब सोंग. त्याहून वाईट म्हणजे ग्रेव्हज या थायरॉइडच्या आजारासाठीची अँटीबॉडी टेस्टसुद्धा अशाच मशीनवर खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे बायोटिन चालू ठेवून तुम्ही जितक्या जास्त टेस्ट कराल तितका चुकीचा आजार पक्का होत जाणार. अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेने, एफडीएने, याबद्दल २०१७ मध्ये इशारा दिला होता, हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिन टेस्ट बायोटिनमुळे खोटी कमी आली आणि त्या रुग्णाचा मृत्यू झाला अशी एक नोंदही त्यात होती.

ताईंचं स्वतःचं मत, सगळे डबे आत्ताच्या आत्ता कचऱ्यात. भावना समजते.

कोचचं मत, काही बंद करू नका, हे सगळं व्यायामामुळे आणि क्रिएटिनमुळे आहे, मी असे रिपोर्ट खूप बघितलेत. यातलं अर्धं बरोबर होतं. क्रिएटिन शरीरात आपोआप तुटून क्रिएटिनिन बनतं, त्यामुळे पावडर घेणाऱ्याचं क्रिएटिनिन किडनी ठणठणीत असतानाही थोडं वर दिसू शकतं. जड व्यायामानंतर एएसटी आणि एएलटी स्नायूंमधूनही रक्तात येतात, ते फक्त लिव्हरचे नाहीत, आणि सवय नसलेल्या वेट ट्रेनिंगनंतर ते आठवडाभर वर राहू शकतात. पण 'व्यायामामुळे असेल' असं म्हणून फॅट बर्नर चालू ठेवणं मला पटत नव्हतं, कारण त्याच डब्यात लिव्हरला खरंच त्रास देऊ शकणारी गोष्ट होती.

माझं मत होतं एकेक करून काढूया, म्हणजे कशामुळे काय झालं ते कळेल. डॉक्टर म्हणाले, कळेल, पण सगळं कळायला चार महिने जातील आणि तोवर लिव्हरचा प्रश्न लोंबकळत ठेवायचा का? त्यांचं बरोबर होतं.

काय केलं

शेवटी ठरलं ते असं. बायोटिन आणि फॅट बर्नर त्याच दिवशी बंद. आठवडाभर व्यायाम नाही, फक्त चालणं. मग पुन्हा रक्त. साध्या डोससाठी बायोटिन दोन-तीन दिवस थांबवलं तरी बहुतेक वेळा पुरतं, पण व्यायामाला आठवडा द्यायचाच होता म्हणून दोन्ही एकत्र बसवलं.

डॉक्टरांनी एक हुशारीची गोष्ट केली, लॅबला फोन केला. जुनं सॅम्पल अजून ठेवलेलं होतं, त्याच रक्तावर सीके (स्नायूंवर ताण आला की रक्तात वाढतं ते एन्झाइम) आणि जीजीटी (लिव्हरचं आणखी एक एन्झाइम) लावायला सांगितलं. सीके २८४० आलं, जीजीटी १८. जीजीटी स्नायूंमधून येत नाही, लिव्हर किंवा पित्ताचा मामला असेल तर बऱ्याचदा ते पण चढतं. इथे ते नॉर्मल, बिलिरुबिन नॉर्मल, सीके आभाळात, आणि एएसटी एएलटीपेक्षा जास्त. म्हणजे निदान मोठा वाटा तरी मांड्यांचाच होता. दुसरं काही करायच्या आधी, सुई न टोचता, अर्धी भीती इथेच गेली.

किडनीसाठी क्रिएटिन थांबवून आठवड्यात पुन्हा क्रिएटिनिन बघायचं का, यावर थोडी चर्चा झाली. त्यात अर्थ नव्हता, स्नायूंत साठलेलं क्रिएटिन मूळ पातळीवर यायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याऐवजी सिस्टॅटिन सी, म्हणजे किडनीचं काम मोजायची दुसरी रक्ततपासणी, केली, त्याचा क्रिएटिन पावडरशी संबंध नाही, आणि सोबत लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन. एकच अट, थायरॉइड खरंच बिघडलेलं असेल तर सिस्टॅटिन सी पण हलतं, म्हणून आधी थायरॉइडचा निकाल बघायचा आणि मगच सिस्टॅटिन सी वाचायचं. हा क्रम डॉक्टरांनी कागदावर लिहून दिला, ते मला फार आवडलं.

प्री-वर्कआउट त्या आठवड्यात आपसूकच बंद झालं आणि दुसऱ्या दिवशी ताईंचं डोकं असं चढलं की त्यांनी रात्री फोन केला, "किडनीमुळे असेल का हो?" मी म्हटलं, "ताई, रोज दोनशे मिलिग्रॅम कॅफिन एकदम थांबवलंय, तीन-चार दिवस दुखणार, सकाळी एक कॉफी घ्या." सकाळी कॉफी घेतली आणि तासाभरात उतरलं.

पहिला निकाल

टीएसएच १.९, फ्री टी४ १.२. दोन्ही नॉर्मल. थायरॉइडला काहीही झालेलं नव्हतं.

सिस्टॅटिन सी ०.८२, त्यावरून काढलेला ईजीएफआर शंभरच्या वर, लघवी स्वच्छ. किडनीचा प्रश्न मिटला.

एएसटी ३१ वर आलं. एएलटी ४४, म्हणजे उतरलं पण पूर्ण नाही. एएलटी रक्तातून सावकाश जातं त्यामुळे हे स्नायूंचंच शेपूट असू शकतं, पण फॅट बर्नरचा वाटा असेल तर तोही असाच दिसला असता.

आणि आता उलटी बाजू. व्हिटॅमिन डी, जे ६१ होतं आणि ज्याकडे कुणी बघितलं नव्हतं, ते निघालं २२. फ्री टी४ सारखंच तेही बायोटिनमुळे खोटं जास्त आलेलं. सगळे लाल आकड्यांकडे बघत बसलो होतो आणि खोटा आकडा हिरव्यातही होता. फेरिटिनची टेस्ट टीएसएचच्या प्रकारातली, म्हणजे ते खोटं कमी आलेलं असू शकतं असं वाटत होतं, पण पुन्हा केलं तरी १९ च. ते खरंच कमी होतं. आयर्नची गोळी चालू असूनसुद्धा!

मग खरी रिकव्हरी

भीती गेली, पण ताई मुळात ज्या तक्रारीसाठी हे सगळं करत होत्या, म्हणजे व्यायामानंतर तीन-तीन दिवस अंग दुखत राहणं, ती तशीच होती. त्यामुळे दुसरा टप्पा सुरू झाला.

झोपेपासून सुरुवात केली. कॅफिन शरीरातून अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमीजास्त. सहा वाजताचे २०० मिग्रॅ म्हणजे अकरा वाजता अजून १०० मिग्रॅ अंगात, एक दणदणीत कॉफी पिऊन अंथरुणात शिरल्यासारखं. धडधड आणि हातांची थरथरही त्यातलीच. प्री-वर्कआउट काढून टाकलं आणि दोन आठवड्यांत ताई साडेसहा-सात तास झोपायला लागल्या. झोप सुधारल्यावर मॅग्नेशियमची गरज उरली नाही, ते पण गेलं.

मग जेवण. तीन दिवसांची नोंद काढली तर व्हे धरूनही प्रथिनं रोज ५५ ग्रॅमच्या आसपास, कारण वजन कमी करायचं म्हणून रात्रीचं जेवण जवळजवळ बंद होतं. वेट्स करणाऱ्यांसाठी किलोमागे १.६ ग्रॅम हा आकडा बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून पुढे आलाय, ताईंच्या वजनाला तो साधारण १०० ग्रॅम होतो. एवढी तफावत असताना बीसीएए घेणं म्हणजे... त्यात नऊपैकी तीनच आवश्यक अमिनो आम्लं, आणि ती तिन्ही व्हेमध्ये आधीच आहेत. बीसीएए बंद, रात्रीचं जेवण परत सुरू, व्हे राहिलं.

व्हिटॅमिन सी चा मोठा डोस काढला. २००९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात रोज १००० मिग्रॅ सी आणि सोबत ई घेणाऱ्यांमध्ये व्यायामामुळे इन्सुलिनच्या बाबतीत जो फायदा व्हायला हवा तो दबलेला दिसला होता. व्यायामातला थोडा ताण शरीराला हवाच असतो, त्यावरच ते सुधारतं. ताई ई घेत नव्हत्या त्यामुळे तो अभ्यास त्यांना जसाच्या तसा लागू नाही, पण सर्दीत काही फरक पडलाय असं त्यांनाही वाटत नव्हतं, मग ठेवायचं कशाला.

आयर्नची गोष्ट सगळ्यात सोपी निघाली. गोळी होती बरोबर, पण ताई ती सकाळच्या चहाबरोबर, मल्टिव्हिटॅमिनच्या कॅल्शियमसोबत एका घोटात घेत होत्या. दोन्ही आयर्न अडवतात. शिवाय एक डोस घेतला की हेप्सिडिन नावाचं हॉर्मोन साधारण दिवसभर वर राहतं आणि पुढचा डोस कमी शोषला जातो, व्यायामानंतरही तीन ते सहा तास ते चढलेलं असतं. डॉक्टरांनी एक दिवसाआड, सकाळी, व्यायामाच्या आधी, चहा-कॉफीपासून लांब अशी वेळ बांधून दिली. डोस तोच, म्हणजे महिन्याच्या गोळ्या उलट निम्म्या झाल्या. व्हिटॅमिन डी त्यांनी वेगळं सुरू केलं.

क्रिएटिनचं काय करायचं यावर मात्र शेवटपर्यंत एकमत नव्हतं. कोच आणि मी, दोघंही म्हणत होतो चालू ठेवा, पुरावा चांगला आहे, सिस्टॅटिन सी नॉर्मल आहे. ताईंना धास्ती होती. शेवटी त्यांच्या समाधानासाठी सहा आठवडे थांबवलं, क्रिएटिनिन ०.९ वर आलं, ईजीएफआर ८३, आणि तो आकडा आता त्यांचा बेसलाइन, म्हणजे पुढे तुलना करायचा मूळ आकडा, म्हणून फाइलमध्ये आहे. मग ३ ग्रॅमवर परत सुरू.

तीन महिन्यांनी फेरिटिन ३८. सहाव्या आठवड्यातच एएलटी २४ झालं होतं. लेग डेनंतरचं दुखणं दीड दिवसावर आलं. केस गळणंही कमी झालंय, ते आयर्नमुळे की नीट जेवायला लागल्यामुळे की आपलं आपण, ते कुणी सांगू शकणार नाही, बायोटिनमुळे नाही एवढं नक्की.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी बेसलाइन. काहीही सुरू करायच्या आधी एकदा रक्त तपासलेलं असतं, व्यायामाशिवायचे दोन-तीन दिवस ठेवून, तर क्रिएटिनसाठी सहा आठवडे घालवावे लागले नसते.

डबे एकेक करून, मधे महिनाभर सोडून आले असते तर प्री-वर्कआउटने झोप घालवली हे ताईंना स्वतःलाच दिसलं असतं आणि मॅग्नेशियम आलंच नसतं. सांगायला सोपं आहे हे, जिममध्ये चार जण चार डबे सांगत असतात तेव्हा महिनाभर कोण थांबतं.

फॅट बर्नर आणि व्यायाम आम्ही एकाच दिवशी थांबवला. सुरक्षिततेसाठी तो निर्णय मी आजही तसाच घेईन, पण त्याची किंमत अशी की एएलटीमध्ये त्या डब्याचा वाटा होता की नव्हता हे कधीच कळणार नाही. जुन्या सॅम्पलवर सीके मिळालं नसतं तर हा गोंधळ खूप मोठा झाला असता. डॉक्टरांचं म्हणणं, कळून तरी काय करणार होतो, तो परत चालू थोडाच करायचाय. ताईंना मात्र अजून ते खटकतं, अधूनमधून विचारतात.

चेकअपच्या फॉर्मवर आता त्या काय लिहितात ते सांगते. व्हे, क्रिएटिन ३ ग्रॅम, आयर्न एक दिवसाआड, व्हिटॅमिन डी, आणि शेवटचा लेग डे कधी झाला ती तारीख. मागच्या वेळी रिसेप्शनवरच्या मुलीने ती तारीख खोडली, म्हणे हा रकाना औषधांचा आहे, तर ताईंनी तिच्यासमोर परत लिहिली.